आठवं कपाळ

सात कपाळांना कुंकू लागलं. आठवं माझ्या भावाचं होतं. तिथं ताट थांबलं.

मारुतीच्या देवळापुढं आठ जवान रांगेत उभे होते. सगळे सुट्टीवर आलेले. सीमेवर लढाई पेटली, सुट्ट्या रद्द झाल्या, आणि दुपारच्या गाडीनं कराडहून निघायचं होतं. लढाईवर निघालेल्या जवानाला आमच्या गावात देवळापुढं ओवाळून वेशीबाहेर पोचवतात. ओवाळायचा मान पाटलीणकाकूंचा. आधी त्यांच्या सासूचा होता.

काकू एकेकाला कुंकू लावत होत्या, अक्षता टाकत होत्या, निरांजन ओवाळत होत्या. सातव्यापाशी तर त्यांना रडू आलं. मग त्या माझ्या भावापुढं आल्या आणि ताट पाराच्या कट्ट्यावर ठेवलं.

"त्येची भन हाय की हितं. तिनंच ववाळावं. घरचा हात बरा."

किती गोड बोलल्या. बाकी सातांच्या बहिणीही तिथंच होत्या. त्यांना कुणी पुढं बोलावलं नव्हतं. आमचं घर ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीत आहे, एवढंच कारण. ते सगळ्या गावाला कळलं.

अजून तासही झाला नव्हता. त्याच देवळापुढं, पंचायतीनं लावलेल्या मोठ्या पडद्यावर, आम्ही सगळ्यांनी दिल्लीहून झालेलं भाषण ऐकलं होतं. देशाचे नेते बोलत होते. ही लढाई जमिनीच्या तुकड्यापुरती नाही, म्हणाले. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा या देशानं स्वतःला एक शब्द दिला, तो राखायची ही लढाई आहे. न्याय, समता, बंधुता. संविधानाच्या पहिल्या पानावरचे शब्द त्यांनी सावकाश उच्चारले. खंदकात कुणी कुणाची जात विचारत नाही, असंही म्हणाले. टाळ्या पडल्या. काकूंनीही वाजवल्या, मी बघितलं. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. मी रडले.

ते शब्द मला पाचवीपासून पाठ. शाळेच्या परिपाठात उद्देशिका मीच सांगायची, पोरं माझ्यामागं म्हणायची. आता त्याच हायस्कुलात मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. दर जूनला नवी नेमणूक. भाषण संपलं तसे मुख्याध्यापक माझ्याकडं आले. म्हणाले, ओवाळून झालं की माईकवर उद्देशिका तू वाच, शोभून दिसेल. मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची आज लाज वाटते.

तर ताट कट्ट्यावर. निरांजन जळतंय. सगळे माझ्याकडं बघतायत, उचल म्हणून. मी हलले नाही. मग भाऊच पुढं झाला. वाकला, कुंकवात बोट बुडवलं आणि स्वतःच स्वतःच्या कपाळाला लावलं. हसला. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, सोड. गाडी चुकंल."

त्या हसण्याचा जेवढा राग आला तेवढा काकूंचाही आला नाही. बर्फात पहारा देणारा माणूस. आणि आपल्याच गावात असा अंग चोरून उभा.

सरपंचांनी माझ्या हातात माईक दिला. कागद होताच. पहिला शब्द 'आम्ही'. तो माझ्या तोंडातून निघेना.

"आधी काकूंनी आठव्या जवानाला ओवाळावं," मी माईकवरच म्हणाले. "मग वाचते."

काकूंनी पाठ फिरवली. सरपंचांनी माईक काढून घेतला, भारतमातेचा जयजयकार केला, बँड सुरू झाला. जवान जीपमध्ये चढले. भाऊ माझ्याकडं न बघता गेला.

चौथ्या दिवशी मुख्याध्यापक घरी आले. पहिल्यांदाच. चहा ठेवू का विचारलं, तर उपास आहे म्हणाले. मग खिशातली सुपारी तोंडात टाकली. त्यांनी टाईप केलेला कागद पुढं केला: लढाईच्या काळात गावाच्या एकीला बाधा येईल असं वागले, दिलगीर आहे. खाली माझं नाव. सहीची जागा मोकळी.

"तुमच्यात कुंकू चालत नाही, म्हणून काकू थांबल्या," ते म्हणाले. "तुमचाच मान राखला. सही कर, जून जवळ आलाय."

आम्हाला कुंकवाचं कौतुक नाही, खरं आहे. पण मग आधी विचारायचं होतं. नुसत्या अक्षता टाकायच्या होत्या. आमच्या कपाळाला बोट लावायचं नाही आणि त्यासाठी आमचाच धर्म पुढं करायचा. वर मान राखला म्हणायचं.

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. त्याला कुणीतरी कळवलं होतं. "सही करून टाक ताई. हितं आमी समदे एका ताटात जेवतोय. गावाचं काय घिऊन बसलीस?"

म्हणजे भाषणातलं ते खंदकाचं वाक्य खरं होतं. तिथं खरं होतं. उद्या तो तिरंग्यात आला तर गावातही खरं होईल. कमान उभारतील, चौकाला नाव देतील. काकू त्याच्यासाठीही रडतील. जिवंत आहे तोवर मात्र त्यानं आपलं कुंकू आपणच लावून घ्यायचं. मला हे सहन होत नाही.

मी सही केली नाही. त्याच कागदाच्या कोऱ्या बाजूवर जे घडलं ते लिहिलं. आठ जवान, सात कपाळं. खाली माझी सही. तो कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला, नक्कल पोलीस ठाण्यात दिली, पोच घेतली. जूनमध्ये नेमणूक आली नाही. भाऊ फोनवर आईशीच बोलतो.

पंधरा ऑगस्टच्या आधी सरपंचांचा निरोप आला. झालं गेलं विसर, उद्देशिका तूच वाच. मी उलटा निरोप धाडला: आत्ता नाही. भाऊ सुट्टीवर येईल. परत निघेल तेव्हा, लढाई असो नसो, देवळापुढं ताट काढा. त्या दिवशी मी माईकपाशी उभी असेन. काकूंचं बोट त्याच्या कपाळाला लागलं, तर वाचेन. नाही लागलं, तर त्याच माईकवरून सांगेन ते कुठं थांबलं. नाव घेऊन सांगेन. भाऊ नको म्हणाला तरी.