फिंचच्या जोडीचं लगीन
भोरच्या बाजारात पाखरांना घालायच्या राळ्याच्या पोत्याचा धुळकट वास नाकात गेला, की माझं डोकं आजही फिरतं. आमच्याकडे पिंजऱ्यात फिंच जातीच्या इवल्या पाखराची एकटी मादी होती. तिला त्याच बाजारातून नर आणला, तेव्हा दुकानदारानं बजावलं होतं, की आधी काही दिवस दोघांचे पिंजरे नुसते शेजारी ठेवा. पण सासूबाईंनी मुहूर्त बघितला, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि नर थेट तिच्याच पिंजऱ्यात सोडला. सकाळपर्यंत त्यानं टोचून टोचून तिची मान सोलून काढली होती. ती तळाशी अंग चोरून बसलेली, आणि घरचे समोर बसून चहा पितायत! "नवी जोडी हाय, जुळंल हळूहळू," सासूबाई म्हणाल्या. मी नराला धरलं आणि जाळीच्या टोपलीखाली कोंडलं. "अगं, लागल्यालं लगीन मोडतीस व्हय?" "आधी तिचा जीव वाचू द्या, मग लग्नाचं बघू!" मी पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले. त्याच दुपारी पिंजऱ्याच्या मधोमध जाळी ठोकून नराला पलीकडे सोडलं; ती जाळी अजून तशीच आहे. मादीच्या मानेवर पिसं आली. आता सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवतात, "बघा, कशी जुळली जोडी!" आणि मधल्या जाळीबद्दल अवाक्षर नाही.