ब्रोकोलीच्या मोडांची उसळ

मैत्रिणींनो, आज मी ब्रोकोलीच्या मोडांची चक्क उसळ केली!

माझं कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर कॅनडातल्या लेकीने या बिया पाठवल्या. मोडांतल्या एका द्रव्याने प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मरतात, असं तिने वाचलंय. मी आपली मटकीसारखे फडक्यात मोड आणले आणि फोडणीत टाकले.

व्हिडिओ कॉलवर ती ओरडलीच, "आई, शिजवलेस? कच्चे खायचे असतात गं! सगळा गुण गेला."

"चव तर आली," मी म्हटलं. दोघी खूप हसलो.

डॉक्टर म्हणतात, काचेच्या बशीत घडतं ते माणसात घडेलच असं नाही. गोळ्या चालूच आहेत. पण "मोड आले का?" विचारायला ती रोज फोन करते. एरवी फक्त रविवारी करायची.

बिया संपत आल्यात. वाशीत कुठे मिळतील, सांगाल?