सुजाताची वही घेऊन मुरुडला

आठ महिने मी ती वही दिली नाही. ती मागायला अनीस सरांचे तीन फोन आले, तिन्ही वेळा "सापडत नाही" म्हणालो. वही माझ्या कपाटात होती, शर्टांखाली. फेब्रुवारीत दोन दिवस सुट्टी मिळाली, तेव्हा मुरुड बघून यावं असं ठरवलं. वही पिशवीत टाकली. द्यायची की नाही, ते ठरवलं नव्हतं.

सुजाता माझी बायको. प्रयोगशाळेत अकरा वर्षं ती आणि अनीस सर एकाच यंत्रावर होते. सर निवृत्त होऊन मुरुडच्या आपल्या घरी राहायला गेले, तरी संध्याकाळी ती त्यांच्याशी फोनवर तासभर बोलायची. माझ्याशी भाजीबद्दल. मला ते सोसायचं नाही. ती वारल्यावरही तो हेवा कमी झाला नाही.

पनवेलहून सकाळच्या एसटीनं अलिबाग, तिथून दुसरी गाडी. उजवीकडची खिडकी धरा. काशीदला समुद्र अगदी रस्त्याला लागून येतो. पुढे वळणं बरीच आहेत, मळमळत असेल तर पोटभर खाऊन बसू नका. नारळाच्या वाडीतली साधी खोली बाराशेला मिळाली. जेवायला तांदळाची भाकरी आणि बांगडा. सोलकढी मागावी लागते.

पोचल्याचं सरांना कळवलं होतं. दुपारी ते स्वतःच खोलीवर आले. "चला भाऊजी, मासळीचा लिलाव दाखवतो." हे भाऊजी म्हणणंही मला आवडायचं नाही.

होड्या लागल्या होत्या. टोपल्या वाळूवर उतरत होत्या.

"तो बघा," सर म्हणाले, "टोपली टेकायच्या आधीच भाव ओरडला. त्यानं मासळी बघितलीच नाही. लेझरचा झोत मारला की काही प्रकाश असाच लगेच उडून येतो. आता ती बाई बघा. कल्ले उचलते, मग बोलते. रंगाचा रेणू तसा असतो, किंचित थांबून उजळतो. ती आमची खरी."

"आणि तो कोपऱ्यातला?"

"तो कधीही ओरडतो. तो आमचा डिटेक्टर, प्रकाश नसतानाही मोजतो!"

कल्ले बघणारी बाई वळली. "ओ मास्तर, घ्यायचं न्हाय तर टोपलीवरची सावली तरी काढा!"

सर हसत बाजूला झाले. "पूर्वी आम्ही सगळे आवाज सारखेच मोजायचो. कोण किती थांबून बोललं त्यावरून प्रत्येकाला वजन द्यायचं, हे सुजातानं आमच्या यंत्रावर बसवलं. मग रेणू कसे फिरतात ते स्वच्छ दिसायला लागलं. पण लगेच ओरडणारे ओळखायला, रंग न घातलेल्या नुसत्या पाण्याचं मापही लागतं. फायली माझ्याकडे आहेत. कुठली फाईल नुसत्या पाण्याची, ते फक्त तिच्या वहीत आहे. त्याशिवाय तिचा शोधनिबंध पुरा होत नाही."

ती हे सगळं यांना सांगायची. मला कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या ओटीवर चहा झाला. मी वही काढली, पण हातातच ठेवली.

"प्रत्येक पानावर आहे," मी म्हणालो. "लेझर चालू नऊ वीस, मापन दहा. रोज नऊ चाळीसला तिचा मला ऑफिसात फोन यायचा. गोळी घेतलीस का, म्हणून. म्हणजे लेझर तापेपर्यंत वेळ काढायला मी होतो."

सरांनी कप खाली ठेवला.

"भाऊजी, आमचा लेझर वीस मिनिटांत तयार व्हायचा."

"मग वहीत चाळीस मिनिटं कशी?"

"नऊ चाळीसला ती तुम्हाला फोन करायला बाहेर जायची, ती दहाला परत यायची. मी म्हणायचो, सुजाता, यंत्र तयार आहे. ती म्हणायची, असू दे, सर. अकरा वर्षं, रोज. खोटं कशाला बोलू, मला तुमचा राग यायचा."

मी वही दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

जंजिरा बघायचा राहिला. ऑफिसात सगळे विचारतात, मग केलंस काय तिथे? मी लिलावाचं सांगतो. त्या संध्याकाळच्या तासाचा हेवा मला अजून वाटतो, तो मुरुडला जाऊन गेलेला नाही. पण आता नऊ चाळीसला मी गोळी घेतो, आणि दहापर्यंत कुणाचाही फोन उचलत नाही.