चॉकलेटी पट्टा

आमच्या नाशिकच्या घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीवर आईच्या डोक्याचा डाग होता. दुपारची कामं उरकली की ती पाय पसरून तिथंच बसायची, भिंतीला डोकं टेकायची. खोबरेल तेलानं चुन्यावर ताटलीएवढा पिवळा डाग पडला होता. ती गेली, डाग राहिला. मी तेव्हा नववीत होते. मी रडले नाही. बायका म्हणाल्या, पोरीचा दगड झालाय. तसंच असावं. मला भूक लागायची आणि झोप यायची, बाकी काही नाही.

त्या वर्षी घरात सण नव्हता, म्हणून दिवाळीचा चुनाही नव्हता. पुढच्या वर्षी वडिलांनी चुन्याचे दोन हात मारले. भिंत सुकली तसा डाग पुन्हा वर आला. मला बरं वाटलं. त्या काळात बरं वाटल्याची तेवढीच एक आठवण आहे.

मग वडिलांचं दुसरं लग्न वणीकडच्या एका बाईंशी ठरलं. मनमाडहून आत्या आली. तिचे यजमान रेल्वेत. डाग बघून ती वडिलांना म्हणाली, "अरे, नव्या बाईला रोज हे बघायला लावणार आहेस का? चॉकलेटी ऑइलपेंट मार कंबरेपर्यंत. आमच्या क्वार्टरात बघ, कितीही माणसं टेकू देत, डाग दिसेल तर शपथ."

"तेवढा राहू द्या ना," मी म्हटलं.

"भिंत आहे बाळा ती," वडील म्हणाले आणि डबा उघडायला बसले.

रविवारी त्यांनी सगळ्या भिंतींना पट्टा मारला. रंग उरला म्हणून दारं, फडताळ, आरशाची चौकट, पाट, शेवटी पिठाच्या डब्याचं झाकणसुद्धा. मी जागची हलले नसते तर मलाही एक हात बसला असता. घरात दिवसा दिवा लावायची पाळी आली. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं कळत होतं.

सगळा पट्टा वाळला, तेवढी जागा वाळेना. तेलावर रंग धरत नाही. मी जाता-येता बोट लावून बघायचे.

लग्नानंतर नवी बाई, मी तिला मावशी म्हणायचे, दमून नेमकी तिथंच टेकली. केस चिकटले. आत्यानं घासलेटचा बोळा लावून सोडवले. मावशी हसली, "घरानं धरलं गं बाई मला!" मग माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "हितं तुझी आई बसायची का?" मी मान हलवली. ती हातभर सरकून बसली. पुढं कायम तिथंच बसली. दर दिवाळीला सोड्याच्या पाण्यानं पट्टा पुसायची, आधी आईची जागा, मग स्वतःची.

काही वर्षांनी तीही गेली. तेरावा झाला, पाहुणे गेले, आणि मी त्या भिंतीशी बसले. आईच्या जागेवर रंग अजून मऊ होता, नख रुतत होतं. शेजारी मात्र सगळं गुळगुळीत, स्वच्छ. मी हात फिरवत राहिले. रडू कधी फुटलं ते कळलं नाही.

वडील दारात आले. "मावशीसाठी रडतेस?"

"हो," मी म्हटलं. "तिचा डागसुद्धा नाही हो कुठं."