काटेरी माशाचे डोळे

"याला दिसत नाय," मामा म्हणाले.

मी नुकतीच दवाखान्यातून आले होते, चपलाही काढल्या नव्हत्या. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात. माशाच्या टाकीसमोरच्या खुर्चीत ते बसलेले, हातात लांब चिमटा, चिमट्यात कोळंबीचा तुकडा आणि शर्टाची बाही कोपरापर्यंत भिजलेली. जन्मात त्यांनी मासळी तोंडात घातली नव्हती, पण या माशाला कोळंबी भरवायचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं.

"भूक नसेल," मी म्हटलं.

"भूक हाये. त्वांड उघडून पुढं येतंय बग. पण तुकडा इकडं अन् हे तिकडंच चावा घेतंय." त्यांनी चिमटा पुन्हा खाली सोडला. मासा आला, तुकड्याच्या बाजूनं पाण्याचा घास घेतला आणि दगडाला धडकला.

टाकी माझ्या नवऱ्याची हौस. समुद्र आमच्यापासून इतका लांब की नात्यातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेलाच नाही. आम्ही राहतो त्या गारखेड्यात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि आमच्या हॉलमध्ये मात्र भिंतभर समुद्र. नवरा चितेगावच्या एका कारखान्यात इंजिनियर. कंपनीनं त्याला नवी मशिनरी बसवायला गुजरातला पाठवलं, तेव्हा टाकी माझ्या आणि मामांच्या गळ्यात पडली.

मामांची दौलताबादच्या किल्ल्याखाली पेरूची बाग. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना शहरात घेऊन आलो. सुरुवातीला ते गॅलरीत बसायचे, रस्त्याकडं बघत, कुणाशी काही न बोलता. मग एक दिवस त्यांनी खुर्ची उचलून टाकीसमोर आणली. गाळलेल्या गोड्या पाण्यात पुडीतलं मीठ कालवताना मला पाहून ते पहिल्यांदा मोकळं हसले. "आमच्याकडं विहिरीला खारं पाणी लागलं तर माणूस डोक्याला हात लावून बसतं. अन् तुम्ही चांगलं गोड पाणी खारं करता व्हय!"

टाकीत मासा एकच. काटेरी पफर, घाबरला की फुगणारा. पाव किलोच्या बटाट्याएवढा, अंगाला चपटून बसलेले काटे, आणि माणसासारखे मोठे, चमचमते डोळे. दुसरा मासा सोडला की त्याचे पंख कुरतडायचा, म्हणून एकटाच. तो माणसं ओळखायचा. मामा खोलीत आले की काचेपाशी येऊन शेपूट हलवायचा, मी आले तर पाठ फिरवायचा. मला त्याचं फारसं कौतुक नव्हतं, हेही सांगून टाकते.

पण त्या दिवशी मी काचेला नाक लावलं आणि चरकले. त्या चमचमत्या डोळ्यांवर दुधाची साय धरली होती. दोन्ही डोळ्यांवर. कल्ल्यांची उघडझाप भराभर चाललेली. मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. धाप लागलेला जीव मला लांबून कळतो. हा मासा धापा टाकत होता. मध्येच त्यानं वळून दगडावर अंग घासलं, कातडी सोलून निघेल इतक्या जोरात.

नवऱ्याचा फोन लागेना. मासा मुंबईच्या ज्या दुकानातून आणला होता, त्या दुकानदाराला मी व्हिडिओ कॉल केला. त्यानं माशाला बराच वेळ न्याहाळलं, पोट दाखवा, डोळा जवळून दाखवा म्हणाला, मग गंभीर झाला.

"मॅडम, याच्या अंगावर किडे असणार. चपटे असतात, जळवेसारखे चिकटतात. डोळ्यांवर पण बसलेत."

"मला तर एकही दिसत नाही."

"दिसत नाहीतच. काचेसारखे आरपार असतात. त्याला गोड्या पाण्यात बुडवा, मग दिसतील."

"समुद्राचा मासा गोड्या पाण्यात? मरेल ना तो!"

"थोडा वेळ तो सहन करतो, किडे करत नाहीत. पण आजच करा. तो थकत चाललाय."

तयारीला फार काही लागलं नाही. निळी बादली घासून घेतली. गाळलेलं पाणी टाकीतल्या पाण्याइतकं कोमट केलं, थर्मामीटरनं दोनदा तपासलं. दुकानदारानं सांगितला तसा चिमूटभर खायचा सोडा घातला. हवेची नळी बादलीत सोडली. फोन मिठाच्या डब्याला टेकवून उभा केला, म्हणजे दुकानदाराला सगळं दिसेल. जाळी वापरू नका, असं त्यानं बजावलं होतं; हा मासा घाबरून हवा गिळतो आणि ती पोटात अडकते. म्हणून मी पाण्यातच डबा बुडवला, मामांनी चिमट्यानं हळूहळू त्याला डब्यात ढकललं आणि मी तो तसाच पाण्यासकट उचलून बादलीत कलता केला.

मासा बाहेर सरकला. क्षणभर काहीच नाही. मग तो असा उसळला की पाणी माझ्या तोंडावर आलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत फुगला. बटाट्याचा नारळ झाला. सगळे काटे ताठ उभे. इतक्या महिन्यांत आम्ही त्याला कधी फुगलेला पाहिलाच नव्हता. मामा खुर्चीसकट मागं सरकले. "अगं अगं, फुटंल ते!"

"फुटत नाही काका, घाबरू नका," फोनमधून आवाज आला.

हळूहळू त्यानं पाणी सोडलं, आकसला, आणि बादलीच्या तळाशी कुशीवर आडवा झाला. आणि तेव्हा ते दिसायला लागलं.

आधी पाठीवर एक पांढरा ठिपका. मग त्याच्याशेजारी दुसरा. मग पोटावर, शेपटीवर, ओठांच्या कडेला. कुठून येत नव्हते ते. होते तिथंच पांढरे पडत होते. तिळाएवढे, चपटे, कडा वळवळणारे. बघता बघता मासा कोड फुटल्यासारखा ठिपक्यांनी भरून गेला. एका तीळभर जागेवर दोन-दोन. डोळ्यावरची साय म्हणजे नुसती साय नव्हती. तिच्यातही ते चिकटून बसले होते. मग ते सुटायला लागले. भुरभुर, भुरभुर, निळ्या तळावर पांढरा सडा.

जखमांतल्या अळ्या मी हातानं काढल्या आहेत, कुजलेले पाय धुतले आहेत, पण असं मी कधी पाहिलं नव्हतं. रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही या माशाला बघत होतो. स्वच्छ काचेतून, दिव्याच्या उजेडात. आणि एवढं सगळं त्याच्या अंगावर जगत होतं.

"आई गं," मामा पुटपुटले. "एवढं जित्राब अंगावर घेऊन बसलं होतं हे?"

मी माशाकडं पाहिलं आणि ठिपके विसरले. कल्ले हलत नव्हते.

"श्वास थांबलाय याचा."

"मॅडम, अजून थोडा वेळ ठेवा. मासे पडून राहतात तसे."

"अहो, श्वास थांबलाय!"

"मॅडम, सगळे किडे पडू द्या, नाहीतर..."

मी त्याचं पुढचं ऐकलं नाही. दोन्ही हात बादलीत घालून मासा डब्यात घेतला आणि डबा टाकीत बुडवला. मासा बाहेर पडला तो सरळ तळाकडं, दगड पडावा तसा. मी खांद्यापर्यंत हात घालून त्याला पकडलं. काटे तळव्यात रुतत होते. जिथं पंपाचं पाणी जोरात येतं तिथं त्याचं तोंड धरलं, म्हणजे पाणी कल्ल्यांतून वाहत राहील. दुसरं काय करणार? माशाच्या छातीवर दाब देता येत नाही. मामा शेजारी उभे राहून एकच म्हणत होते, "घे बाबा, घे. घे श्वास."

एक कल्ला हलला. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा हलला. मग दोन्ही. हातातल्या त्या गोळ्याला थोडा जोर आला आणि त्यानं माझ्या बोटांतून अंग सोडवून घेतलं. कोपऱ्यात जाऊन तो दगडाला टेकून राहिला, वेडावाकडा, पण श्वास घेत. मी जमिनीवरच बसले.

दुकानदारानं जंतांच्या औषधाचं नाव सांगितलं, ते टाकीत कसं घालायचं ते सांगितलं, अंडी फुटून पुन्हा किडे होतात म्हणून काही दिवसांनी दुसऱ्यांदा घालायला सांगितलं, आणि फोन ठेवला.

बादली ओतण्याआधी मी ती खिडकीपाशी नेली. "मामा, बघा तरी किती आहेत."

ते उजवीकडं मान वाकडी करून बघू लागले. मी म्हटलं, "असं नाही दिसणार, तुमची सावली पडतेय. डाव्या बाजूनं या."

"डाव्यानं नाय दिसत मला."

"चष्मा लावा मग."

"चष्म्याचं नाय पोरी. त्या डोळ्यानंच नाय दिसत."

मला वाटलं, मोतीबिंदू असेल. "धूसर दिसतं का?"

"धूसर नाय. काहीच नाय."

त्यांनी ते इतक्या सहज सांगितलं, जणू घरात मीठ संपलंय. मी बादली खाली ठेवली. त्यांना खुर्चीत बसवलं, उजव्या डोळ्यावर माझा तळवा ठेवला आणि समोर बोटं धरली. "किती?" ते गप्प. बोटं हलवली. गप्प. फोनचा टॉर्च लावून डाव्या डोळ्यात मारला. हे मी प्रत्येक ड्यूटीत करते. पापणी वर करायची, उजेड टाकायचा, बाहुली आकसते का ते बघायचं. मामांची बाहुली मोठीच्या मोठी राहिली. तिला उजेड कळतच नव्हता.

मी टॉर्च बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"कधीपासून?"

"तुझी सासू होती तवा जरा दिसायचं. नंतर कमी कमी होत गेलं."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही? मामा, मी नर्स आहे! एका घरात राहतो आपण!" मी ओरडत होते, आणि ओरडतेय हेही मला उशिरा कळलं.

"दुखत नव्हतं काही. एकानं भागत होतं. तू दमून येतीस, त्यो दमून येतो." मग म्हणाले, "याचा घास हुकला तवाच मी वळखलं. माझाबी असाच हुकतो. परवा चहाचा कप धरायला गेलो अन् हात बाजूनंच गेला."

तो कप फुटला होता. काचा मीच गोळा केल्या होत्या. वय झालं, हात कापत असेल, असं म्हणून.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांचा दाब मोजला, यंत्रातून पाहिलं, पुन्हा पाहिलं. सुनेला बाजूला बोलवायची गरज नाही, माझ्यासमोरच सांगा, असं मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "डावा डोळा गेला. तो आता परत येणार नाही. उजव्यातही सुरुवात झालीय, पण तो वाचवता येईल. आणखी वर्षभर आला नसतात तर मी हे सांगू शकले नसते."

मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. मामा म्हणाले, "म्हंजी एक ऱ्हाईल?"

"औषध रोज घातलंत तर राहील."

रिक्षात त्यांनी विचारलं, "टाकीतल्या त्या लेकराला आज खायला घातलं का?"

संध्याकाळी नवऱ्याला फोन केला. मासा आजारी होता ते त्याला आधी सांगितलं, कारण ते सांगणं सोपं होतं. मग डोळ्याचं सांगितलं. तो म्हणाला, "गेल्या दिवाळीत ते गाडी चालवत दौलताबादला गेले होते. मी मागं बसलो होतो."

माशाचं म्हणाल, तर त्याची साय हळूहळू उतरली. दुसऱ्यांदा औषध घातल्यावर तो काही दिवस पुन्हा रुसून कोपऱ्यात बसला, पण एका सकाळी मामांनी चिमटा खाली सोडला आणि त्यानं तुकडा बरोब्बर मधोमध पकडला. दोन्ही डोळे स्वच्छ. मामा इतके खूश झाले की शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. मला त्या आनंदात सामील होता आलं नाही. माशाचे दोन्ही परत आले, या गोष्टीचा मला तेव्हा राग आला होता.

उजव्या डोळ्यात औषध मीच घालते. दाब ताब्यात आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणतात.

मध्यंतरी बाग बघायला जायचं म्हणून ते हटून बसले, तेव्हा मी सोबत गेले. बांध अरुंद, खाली पाटाचं पाणी. मी मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूनं चालत होते, त्यांचा पाय घसरला तर धरायला, सगळं लक्ष त्यांच्या पावलांवर.

"पोरी, खाली बग," ते थांबून म्हणाले. "मिरचीची रोपं लावलीत तिथं."

मी पाय उचलला. एक रोप आडवं झालं होतं. मामा खाली बसले, बोटांनी चाचपत त्याच्या बुडाशी माती दाबली आणि ते उभं केलं.