गोपीनाथच्या बोटीचा पंप

गोपीनाथ मेश्रामच्या घरात काही बिघडलं तर त्याला हात लावायचा अधिकार फक्त आपला, असं शामराव वहाणे धरून चालला होता. दोघे रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये एकत्र घासले, निवृत्तही मागेपुढेच झाले. शामराव राहायचा विकास नगरला, गोपीनाथ जवळच्याच महानगर नावाच्या वस्तीत. मिक्सर अडो की इन्व्हर्टर, शामराव पिशवी घेऊन हजर. उन्हाळ्याच्या तोंडावर गोपीनाथच्या कूलरचा पंप बसवायचा, मग तिथेच जेवायचं, हे तर सणासारखं ठरलेलं.

नट आवळून झाला की शामराव नटावरून खालच्या पट्टीपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक लाल रेघ ओढायचा. नट सैल होऊन फिरला, तर रेघ तुटलेली लगेच दिसते. शेडमधली सवय होती ती.

"अहो, माझी नेलपॉलिश परत तुमच्या पिशवीत?" बायको, बेबी, कावायची. गोपीनाथ मात्र पाहुण्यांना कूलर उघडून ती रेघ दाखवायचा. "ही आमच्या शामची सही!" त्यावर शामराव उगाच घसा खाकरायचा, पण मूठभर मांस चढायचं अंगावर.

मग गोपीनाथनं हौसेनं एक जुनी, छोटी मोटारबोट घेतली आणि गोमती नदीवर कुडिया घाटाला बांधली. पंख्याचा दांडा जिथून पाण्यात उतरतो तिथून थेंब थेंब पाणी आत यायचंच. ते तळाशी साचायचं आणि गोपीनाथ डब्यानं उपसत बसायचा. त्याला हवा होता बिल्ज पंप. हा बोटीच्या तळाशी बसतो, पाणी चढलं की त्यातलं तरंगतं बटण वर उचललं जातं आणि पंप आपोआप पाणी बाहेर फेकतो. शामरावनं वायरी निवडून ठेवल्या, पाने पुसून ठेवले आणि फोनची वाट पाहिली. फोन आला नाही.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर, चपला घालता घालता गोपीनाथ म्हणाला, "अरे शाम, पंप आणलाय. निरंजन बसवणार आहे. चल ना, बघायला."

बघायला! शामरावच्या अंगाची आग झाली. हा निरंजन म्हणजे पुण्याहून बदलून आलेला बँकेतला पोरगा. विहारात येऊन त्याला पुरतं वर्षही झालं नव्हतं, आणि गोपीनाथच्या तोंडी सतत त्याचंच नाव.

तरी शामराव गेला. न जाऊन घरी जळत बसण्यापेक्षा तिथे जाऊन जळलेलं बरं. घाटाच्या पायरीवर बसून तो चुका शोधत राहिला. पोरानं नळी उंच नेऊन मग बाहेर काढली होती. वायरींचे जोड पाण्यापासून वर बांधले होते. काम स्वच्छ होतं आणि तेच जास्त झोंबत होतं. शेवटी एकदाचं काहीतरी सापडलं.

"ही वायर सरळ बॅटरीला? मेन स्विच पाडला तरी ती जिवंतच राहणार! आमच्याकडे इंजिन सोडून जाताना मेन स्विच पाडायचा म्हणजे सगळं मेलं पाहिजे."

"काका, मध्ये फ्यूज आहे," निरंजन नम्रपणे म्हणाला. "आपण इथे नसताना पंप चालायला हवा ना? म्हणून ती मुद्दाम स्विचमधून नेली नाही."

गोपीनाथ खो खो हसला. "शाम, यार, हे इंजिन नाही, नाव आहे! पोराला कळतंय त्याचं काम."

ते हसू शामरावच्या मनातून जाईना. जेवताना आठवलं, झोपताना आठवलं.

पुढच्याच आठवड्यात गोपीनाथ भाचीच्या लग्नाला नागपूरला गेला. भर दुपारी शामराव पिशवी घेऊन घाटावर आला आणि त्यानं पंपाची वायर बॅटरीवरून सोडवून मेन स्विचच्या मागे जोडली. स्विच पाडलेलाच होता, म्हणजे पंप आता बंद. आपण नियमाप्रमाणे करतोय, त्यानं स्वतःला बजावलं. पण शेडमध्ये नियम पाळताना छाती अशी कधी धडधडली नव्हती. बोट बुडावी असं काही त्याच्या मनात नव्हतं. घोट्याएवढं पाणी साचावं, पोराचं काम कच्चं ठरावं, एवढंच त्याला हवं होतं. काम त्यानं नेहमीसारखं शेवटपर्यंत नीट केलं आणि घरी आला.

लग्नघरी गोपीनाथचा मुक्काम लांबला. जाऊन पाहावं असं शामरावला रोज वाटायचं आणि रोज तो उद्यावर ढकलायचा.

एका सकाळी फोन वाजला. "शाम, स्टेशनवर उतरलो आणि घाटावरच्या नावाड्याचा फोन. म्हणतो, साहब, नाव बैठ गई! त्या पोरावर भरवसा टाकला, गाढवपणा झाला माझा. तू ये. आता तुझ्याशिवाय कुणाला हात लावू देणार नाही."

हेच तर ऐकायचं होतं. शामरावनं इस्त्रीचा शर्ट चढवला.

"गोपीनाथभाऊंची बोट बुडाली आणि तुम्ही गुणगुणताय?" बेबी म्हणाली.

घाटावर बोटीची मागची बाजू गाळात टेकली होती, इंजिन पाण्यात गेलं होतं. निरंजन गुडघाभर पाण्यात उभा राहून बादलीनं उपसत होता. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. "माझंच काहीतरी चुकलं असणार, काका," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. गोपीनाथ त्याच्याशी बोलत नव्हता. त्यानं स्वतःच वाकून स्विचचं झाकण उघडलं.

निरंजननं डोकावून पाहिलं. "ही वायर इथे कशी? मी ही बॅटरीला लावली होती. आणि ही लाल रेघ कसली?"

गोपीनाथनं अंगठ्यानं चिखल पुसला. नटावरून पट्टीपर्यंत गेलेली ती बारीक, सरळ रेघ कुठेही तुटलेली नव्हती. शामराव पिशवी धरून पायरीवर उभा होता. गोपीनाथनं त्याच्याकडे मान वळवली नाही.

"कसलीच नाही," तो निरंजनला म्हणाला. "तुझं काही चुकलेलं नाही. ये बाहेर, पाय पूस." मग झाकण लावता लावता म्हणाला, "उन्हाळा आला बेटा. घरच्या कूलरचा पंप बसवायचाय. रविवारी येशील? जेवायलाच ये."