नावाशेजारची फुली

सकाळी आमचा नवा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कणभौतिकीत एका निबंधाला हजारो लेखक असतात आणि सगळे आडनावाच्या क्रमाने, त्यामुळे मोठेपणा कुणालाच मिरवता येत नाही. माझ्या नावाच्या अगदी वर माझा जुना सहकारी देसाई होता, शेजारी बारीकशी फुली. फुली म्हणजे माणूस गेला. पण त्याने बसवलेलं यंत्र अजून कण टिपतंय, म्हणून नाव राहिलं. उद्या कुणी या निबंधाचा संदर्भ दिला, तर तो देसाईच्याही नावावर जमा होईल. माझ्या नावावरचे संदर्भ तरी एकट्या माझे कुठे आहेत? यंत्राशी बोलायला मला त्यानेच शिकवलं.

दुपारी त्याच्या घरी जाऊन वहिनींना ते पान दाखवलं आणि नाव का राहिलं ते सांगितलं. चष्मा पुसून त्यांनी त्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे हे अजून कामावरच आहेत."